हिरडी उतरते, दाताला खाच पडते: डॉ. विलोबी मिलर यांनी उलगडलेले कोडे

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात, नागझिरा अभयारण्याच्या कडेला चोरखमारा हे गाव आहे. जंगल सफारीच्या प्रवेशद्वारामुळे आणि तलावामुळे अनेकांना ते माहीत असते. या भागातल्या गावांमधून दात दाखवायला येणाऱ्यांमध्ये, विशेषतः चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये, एक तक्रार वारंवार दिसते. थंड पाणी प्यायले की दातातून सणक जाते. आरशात पाहिले तर दात पूर्वीपेक्षा लांब दिसतो आणि हिरडीच्या अगदी वर, कुऱ्हाडीने झाडावर घाव घालावा तशी आडवी खाच पडलेली असते. नख फिरवले तर ते खाचेत अडकते.

घरचे लोक तीन गोष्टी धरून बसलेले असतात. दाताला कीड लागली आहे, वय झाले की असे व्हायचेच, आणि दुखतोय तर काढून टाकलेला बरा. बहुतेक वेळा या तिन्ही गोष्टी चुकीच्या असतात. ही खाच कशाने पडते हे प्रयोग करून दाखवणारा माणूस शंभराहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे नाव डॉ. विलोबी डेटन मिलर. जगभरातल्या दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे नाव पहिल्याच वर्षी शिकवले जाते, पण रुग्णांपर्यंत ते पोहोचत नाही. या लेखात त्यांचे आयुष्य आणि त्यांच्या कामातून आजच्या रुग्णाने काय घ्यावे, हे दोन्ही पाहू.

शेतावरचा मुलगा बर्लिनमध्ये

मिलर यांचा जन्म १ ऑगस्ट १८५३ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अलेक्झांड्रिया या लहानशा गावाजवळ झाला. घर शेतकऱ्याचे. मुलगा अभ्यासात हुशार होता. त्याने मिशिगन विद्यापीठातून १८७५ मध्ये पदवी घेतली. ओढा गणित आणि भौतिकशास्त्राकडे होता, दातांशी काही संबंध नव्हता. पुढच्या शिक्षणासाठी तो आधी स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला आणि तिथून जर्मनीत बर्लिनला गेला. परदेशात पैशाची चणचण होती, तब्येतही साथ देत नव्हती.

बर्लिनमध्ये फ्रँक अ‍ॅबट नावाचे अमेरिकन दंतवैद्य व्यवसाय करत. त्यांच्या घरी मिलर यांचे जाणे-येणे सुरू झाले आणि आयुष्याची दिशाच बदलली. अ‍ॅबट यांनी या तरुणाला दंतवैद्यकाकडे वळवले. मिलर पुन्हा अमेरिकेला गेले आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नुकत्याच सुरू झालेल्या दंतविभागातून १८७९ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. अ‍ॅबट यांच्या मुलीशी, कॅरोलाइनशी त्यांचे लग्न झाले आणि ते बर्लिनला परतले.

त्या काळी दंतवैद्य म्हणजे दात उपटणारा आणि भरणारा कारागीर अशीच बऱ्याच लोकांची समजूत होती. मिलर मात्र भौतिकशास्त्र शिकून आलेले. एखादी गोष्ट अशी का होते, असा प्रश्न पडला की ती मोजून आणि करून पाहायची, ही सवय त्यांच्या अंगात मुरलेली होती. पुढे त्यांचे सगळे काम या एका सवयीवर उभे राहिले. बर्लिन विद्यापीठाची दंतसंस्था १८८४ मध्ये सुरू झाली तेव्हा हा परदेशी माणूस तिथे प्राध्यापक झाला.

दातात किडा नसतो, हे दाखवणारा प्रयोग

तो काळ बर्लिनमध्ये जंतूंच्या शोधांचा होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयरोगाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. जंतू वेगळे काढून वाढवण्याच्या कॉख यांच्या पद्धती मिलर शिकले आणि त्या त्यांनी तोंडातल्या जंतूंसाठी वापरल्या.

त्यांनी उपटलेले दात घेतले. काही दात पाव आणि लाळेच्या मिश्रणात शरीराच्या तापमानाला ठेवले, तर काही मांस आणि लाळेच्या मिश्रणात. पावातल्या दातांचे खनिज विरघळून ते मऊ पडले, मांसातले तसे झाले नाहीत. लाळ आधी उकळून घेतली तर पावातले दातही टिकून राहिले. याचा अर्थ असा, की लाळेतले जिवंत जंतू पिठूळ आणि गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. दात पोखरणारा किडा कुठेच नव्हता. तोंडातल्या जंतूंवरचे त्यांचे पुस्तक १८८९ मध्ये जर्मनमध्ये आणि १८९० मध्ये इंग्रजीत आले. दात का किडतात याचे आजचे शास्त्र त्याच पायावर उभे आहे.

आपल्याकडे अजूनही दातातला किडा काढून दाखवणारे लोक बाजारात बसतात. मिलर यांचा प्रयोग त्यांच्याविरुद्ध भक्कम साक्ष देतो.

चांगल्या कल्पनेचा अतिरेक

मिलर यांची एक कल्पना मात्र पुढे वेगळ्याच वळणाला गेली. तोंडातल्या जंतूंमुळे शरीरात इतरत्रही आजार होऊ शकतात, असे त्यांनी १८९१ मध्ये मांडले. त्यात तथ्य होते. उदाहरणार्थ, मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना बिघडवतात हे आज आपल्याला माहीत आहे. मिलर यांचा भर मात्र दात काढण्यापेक्षा त्यांवर उपचार करण्यावर होता.

१९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडात दिलेल्या भाषणानंतर हीच कल्पना फार ताणली गेली. सांधे दुखतात, थकवा येतो, पचन बिघडले, काहीही असो, दोष दातांवर येऊ लागला. पुढची दोन-तीन दशके अमेरिका आणि युरोपमध्ये असंख्य लोकांचे चांगले, वाचवता येणारे दात उपटले गेले. आजार बहुधा होता तिथेच राहिला, दात मात्र गेले.

ही गोष्ट इथे सांगण्याचे कारण आहे. दुखतोय, झिजलाय, काढून टाका, हा आग्रह आपल्या घरातही होतो. कारण तपासण्याआधी दात काढला की चूक दुरुस्त करता येत नाही. खाच पडलेला दात बहुतेक वेळा वाचवता येतो.

खाचेचे कोडे

किडलेल्या दाताचे कारण सापडले, पण दुसरा एक प्रश्न दंतवैद्यांना छळत होता. काही लोकांच्या दातांना हिरडीजवळ गुळगुळीत, चकचकीत, कडक तळाची खाच पडे. कीड मऊ आणि काळपट असते, ही खाच तशी नव्हती. गंमत म्हणजे दात नीट घासणाऱ्या, तोंड स्वच्छ ठेवणाऱ्या लोकांतच ती जास्त दिसे. कोणी म्हणे ओठाच्या आतल्या ग्रंथींतून आम्ल झरते, कोणी गाऊटसारख्या विकाराला दोष देई. मते भरपूर होती, पुरावा थोडा.

मिलर यांनी हे कोडे हातात घेतले. आधी दाताच्या मानेची रचना पाहू, म्हणजे त्यांनी काय केले ते कळेल.

हिरडीच्या वर दिसणारा दाताचा भाग इनॅमलने मढलेला असतो. वजनाच्या हिशेबाने इनॅमल सुमारे ९६ टक्के खनिज असते. शरीरात त्याहून कठीण काही नाही. हिरडीखाली दाताचे मूळ असते. त्याच्यावर इनॅमल नसते, सिमेंटम नावाचा पातळ थर असतो. मानेजवळ त्याची जाडी मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढीच असते. त्याखाली डेंटिन. डेंटिनमध्ये खनिज सुमारे ७० टक्के आणि बाकी पाणी व प्रथिने, म्हणून ते इनॅमलपेक्षा बरेच मऊ असते. डेंटिनमध्ये अगणित सूक्ष्म नळ्या असतात आणि त्या आतल्या नसेच्या दिशेने जातात. हिरडी जागेवर आहे तोवर मूळ झाकलेले, सुरक्षित असते. हिरडी खाली सरकली की तो मऊ भाग उघडा पडतो. मग थंड पाणी किंवा वारा लागला तरी नळ्यांमधला द्रव हलतो आणि सणक जाते.

मिलर यांनी उपटलेले दात ब्रशखाली पुन्हापुन्हा घासून पाहिले. एकदा नुसत्या पाण्याने, एकदा त्या काळी विकल्या जाणाऱ्या दंतमंजनांनी. सोबत आम्लाचा परिणामही तपासला. नुसत्या पाण्याने आणि ब्रशने दात जवळजवळ झिजला नाही. खरखरीत पूड लावून घासल्यावर मात्र हिरडीजवळच्या मऊ भागात खाच पडत गेली, अगदी रुग्णांच्या तोंडात दिसते तशीच. कडक इनॅमल टिकून राहिले, खालचे डेंटिन झिजत गेले. आम्लाने पृष्ठभाग आधी नरम झाला असेल तर झीज आणखी वाढली.

हे काम १९०७ मध्ये दंतवैद्यकाच्या एका प्रसिद्ध अमेरिकन नियतकालिकात क्रमशः छापून आले. खाच आपोआप पडत नाही, ती हातातल्या ब्रशाने आणि त्यावरच्या पुडीने पडते, आम्ल तिला मदत करते, हा त्याचा गाभा होता.

त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठाने त्यांना दंतमहाविद्यालयाचे अधिष्ठातापद देऊ केले होते. ज्या विद्यापीठातून ते विद्यार्थी म्हणून बाहेर पडले, तिथेच प्रमुख म्हणून परत जायचे होते. बर्लिनमधले घर आवरून ते अमेरिकेला आले. ते पद सांभाळण्याआधीच अपेंडिक्सचा आजार उद्भवला. शस्त्रक्रिया झाली, पण पोटातला संसर्ग आटोक्यात आला नाही. २७ जुलै १९०७ रोजी ओहायोतल्या न्यूअर्क इथे त्यांचे निधन झाले. चौपन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर होता. प्रतिजैविके यायला अजून काही दशके होती. आयुष्यभर जंतूंचा अभ्यास केलेला माणूस जंतूंच्या संसर्गानेच गेला.

मिलर यांच्यानंतर काय कळले

पुढच्या संशोधनाने मिलर यांचे म्हणणे रद्द केले नाही, त्यात भर घातली. आज आपण मानतो की खाचेला बहुधा एकाहून अधिक कारणे असतात.

पहिले कारण घर्षण, म्हणजे खरखरीत पूड, कडक ब्रश, जोरात आडवे घासणे. दुसरे आम्ल. चिंच, लिंबू, शीतपेये यांचे सततचे सेवन, किंवा पोटातले आम्ल वारंवार तोंडात येणे. इनॅमलचे खनिज साधारण ५.५ सामूच्या खाली विरघळू लागते, पण उघड्या मुळाचे खनिज त्याहून सौम्य आम्लातही विरघळते. तिसरे कारण चावण्याचा ताण. दात खाणे किंवा करकरणे यामुळे दाताच्या मानेवर ताण येतो आणि तिथले कण तुटतात, असा विचार १९८० च्या दशकात मांडला गेला. १९९१ मध्ये त्याला वेगळे नावही मिळाले. तो एकटा किती जबाबदार, यावर अजून मतभेद आहेत.

हिरडी उतरण्याचीही कारणे वेगवेगळी असतात. जोरात घासणे, दाताभोवती साठलेले किटण आणि त्यामुळे झालेला हिरड्यांचा आजार, जन्मतः पातळ हिरडी, वाकडे उगवलेले दात आणि तंबाखू. म्हणून दोन रुग्णांच्या दातांना सारखीच खाच दिसली तरी उपचार सारखा नसतो.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. तुमच्या केसपेपरवर हिरडीबद्दल मिलर वर्ग १ किंवा मिलर वर्ग ३ असे लिहिलेले असू शकते. ते मिलर वेगळे. प्रेस्टन मिलर या अमेरिकन तज्ज्ञांनी १९८५ मध्ये हिरडी उतरण्याचे चार वर्ग केले. वर्ग १ आणि २ मध्ये दातांच्या मधले हाड आणि हिरडी शाबूत असते, म्हणून शस्त्रक्रियेने मूळ पूर्ण झाकले जाण्याची शक्यता चांगली असते. वर्ग ३ मध्ये ते अर्धवट झाकले जाते आणि वर्ग ४ मध्ये फारशी आशा नसते. आता नव्या वर्गीकरणांचाही वापर होतो, पण मुख्य प्रश्न तोच राहतो: दातांच्या मधले हाड किती उरले आहे?

आपल्या घरातली पूड

मिलर यांनी ज्या पुडी तपासल्या त्या बर्लिन आणि अमेरिकेतल्या. आपल्या घरांमध्ये त्यांचे भाऊबंद आहेत. चुलीतली राख, कोळशाची पूड, विटकरीची भुकटी, खडे मीठ, खरखरीत दंतमंजन. विटकरीत आणि वाळूत क्वार्ट्झ असते आणि ते इनॅमलपेक्षाही कठीण असते. मग मऊ डेंटिनची काय कथा?

त्याहून गंभीर गोष्ट तंबाखूची. महाराष्ट्रात अनेक बायका आणि वयस्क माणसे भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावतात. गोंदिया आणि शेजारच्या छत्तीसगडकडच्या पट्ट्यात गुडाखू चालतो. दात घासायचे म्हणून सुरू झालेली ही सवय दिवसातून चार-पाच वेळा बोट तोंडात घालण्यापर्यंत जाते, कारण आता शरीर तंबाखू मागत असते. गालात धरलेल्या खर्र्याने त्याच जागची हिरडी उतरते. दात झिजणे हा त्यातला लहान धोका, तोंडाचा कर्करोग हा मोठा.

दातून करणे वाईट नाही. कडुनिंबाची किंवा बाभळीची कोवळी काडी चावून तिचा मऊ कुंचला केला आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलक्या हाताने फिरवला तर तो चालतो. कडक काडीने आडवे खरडले तर मात्र खाच पडायला वेळ लागत नाही.

उपचार कोणत्या क्रमाने होतात

मिलर यांच्या कामाचा सगळ्यात मोठा धडा उपचारांच्या क्रमात आहे. कारण तसेच ठेवून खाच भरली तर भरलेल्या जागेच्या खाली नवी खाच पडते. हिरडी शस्त्रक्रियेने वर आणली आणि घासण्याची पद्धत तीच राहिली तर ती पुन्हा उतरते.

पहिली पायरी तपासणी. दंतवैद्य खाचेची खोली पाहतात, ती कीड आहे की झीज हे ठरवतात, हिरडीखालची खोली मोजतात, दात हलतो का ते बघतात आणि गरज असल्यास एक्स-रे काढतात. तुम्ही काय वापरून दात घासता, तंबाखू खाता का, छातीत जळजळते का, रात्री दात खाता का, हे प्रश्न ते विचारतील. संकोच न करता खरे सांगा. औषध ठरवायला ही माहिती एक्स-रेइतकीच महत्त्वाची असते.

दुसरी पायरी कारण थांबवणे. पूड आणि तंबाखू बंद. मऊ तारांचा ब्रश, त्यावर वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट. ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका धरून हलक्या हाताने, जागच्या जागी थरथरल्यासारखा फिरवायचा, मग दाताच्या टोकाकडे न्यायचा. ब्रश मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरला तर जोर आपोआप कमी पडतो. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच दात न घासता आधी पाण्याने चूळ भरा आणि काही वेळ जाऊ द्या. किटण असेल तर ते साफ करून घ्यावे लागते. सफाईने दात सैल होतात ही समजूत खरी नाही. किटणाखाली आधीच सैल झालेला दात सफाईनंतर लक्षात येतो, इतकेच.

तिसरी पायरी सणक कमी करणे. पोटॅशियम नायट्रेट असलेल्या पेस्टने बहुतेकांना फरक पडतो, पण त्याला दोन ते चार आठवडे रोज वापर लागतो. दोन दिवसांत सोडून देऊ नका. दंतवैद्य फ्लोराइडचा लेपही लावू शकतात.

चौथी पायरी खाच भरायची की नाही हे ठरवणे. उथळ, न दुखणारी, वाढत नसलेली खाच नुसती लक्षात ठेवून दर सहा महिन्यांनी पाहिली तरी चालते. खाच खोल असेल, सणक थांबत नसेल, कीड लागली असेल किंवा नस जवळ आली असेल तर ती भरावी. त्यासाठी ग्लास आयोनोमर किंवा दाताच्या रंगाचे कंपोझिट वापरतात. या जागेचे भरण कधीकधी निघून येते, कारण तिथले डेंटिन कडक आणि चकचकीत झालेले असते आणि चावताना दाताच्या मानेवर ताण येतो. तसे झाले तर ते पुन्हा भरता येते. नसेपर्यंत झीज पोहोचली असेल तर रूट कॅनल लागते.

पाचवी पायरी हिरडीची शस्त्रक्रिया. हिरडी एकदा उतरली की औषधाने, तेलाने किंवा मालिशने ती परत वाढत नाही. मूळ झाकायचे तर जवळची हिरडी सैल करून वर सरकवतात. बहुधा तिच्याखाली टाळूतून घेतलेला ऊतींचा पातळ तुकडा ठेवतात. जागा बधिर करून हे काम होते. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांत काढतात. तोपर्यंत त्या जागी ब्रश लावायचा नसतो, दंतवैद्याने दिलेल्या औषधी द्रावणाने चूळ भरायची असते. तंबाखू चालू ठेवला तर यशाची शक्यता बरीच घटते.

दोन्ही एकत्र असतील तेव्हा

उतरलेली हिरडी आणि खाच एकाच दातावर असतील, आणि बहुधा त्या असतातच, तर सगळ्यात जास्त विचार इथे लागतो. खाचेचा वरचा भाग इनॅमलचा असतो आणि खालचा मुळाचा. झिजून झिजून त्यांच्यामधली सीमारेषाच पुसली गेलेली असते. हिरडी वर आणली तरी ती मुळाचा भाग झाकू शकते, इनॅमलचा गेलेला भाग परत देऊ शकत नाही. उलट नुसती खाच भरली तर सणक थांबते, पण दात लांबच दिसतो आणि हिरडी तिथेच राहते.

म्हणून आधी हिशेब करायचा असतो, की शस्त्रक्रियेने हिरडी कुठपर्यंत येऊ शकेल. त्या रेषेच्या वरचा भाग भरणाने सांधायचा आणि खालचा हिरडीने झाकायचा. भरणाची खालची कडा कुठे ठेवायची हे या रेषेवर ठरते. काही दातांमध्ये भरण आणि हिरडीचे काम एकत्र करतात, काहींमध्ये आधी एक, मग दुसरे. हा निर्णय दोन्ही गोष्टी समोर ठेवून घ्यावा लागतो. तुमच्या दाताची खाच भरायचे ठरले असेल, तर भरण्याआधी एक साधा प्रश्न विचारा: या दाताला हिरडीची शस्त्रक्रिया लागेल का, आणि लागणार असेल तर भरण आधी की नंतर?

प्रत्येकालाच शस्त्रक्रिया लागते असेही नाही. सत्तरीच्या आजोबांना सणक नसेल, दात घट्ट असेल, हिरडी निरोगी असेल तर सवय बदलून लक्ष ठेवणे पुरते. पंचविशीतल्या मुलीची हिरडी दरवर्षी खाली सरकत असेल तर मात्र वाट पाहू नये.

हिरडीच्या शस्त्रक्रियेसाठी हिरड्यांचे तज्ज्ञ लागतात. विदर्भातल्या रुग्णांसाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे. पहिली तपासणी आणि सफाई मात्र जवळच्या दंतवैद्याकडेही होते, त्यासाठी लांब जाईपर्यंत थांबू नका.

लगेच दाखवावे असे काय

दात हलू लागला, हिरडीतून पू आला, रात्री झोपेतून उठवणारा ठणका लागला, तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तर थांबू नका. शेवटची तीन लक्षणे मिश्री, गुडाखू किंवा खर्रा घेणाऱ्यांमध्ये कर्करोगाची किंवा त्याआधीच्या अवस्थेची असू शकतात.

मिलर यांनी उपटलेल्या दातांवर जे करून पाहिले ते आपण रोज सकाळी आपल्या जिवंत दातांवर करतो. दोन्हींत फरक एवढाच, की आपल्याला तो प्रयोग थांबवता येतो. आज घरी गेल्यावर आई-वडील, आजी-आजोबा कशाने दात घासतात ते पाहा. ती पूड चिमटीत घेऊन चोळा. बोटांना खरखर लागली, तर दातालाही ती लागते.